दुकानाची पाटी आणि खिशातला फोन

गेल्या हिवाळ्यात एका आप्ताच्या विवाहानिमित्त मला बेळगावास जाण्याचा योग आला. निघण्यापूर्वी आमच्या आत्याबाईंनी एक काम सांगून ठेवले होते. त्यांचे माहेर बेळगावचे. 'खडे बाजाराच्या अंगाला एक जुने मिठाईचे दुकान आहे. नाव आता आठवत नाही. पण तिथला कुंदा घेतल्याखेरीज परत येऊ नकोस,' अशी त्यांची आज्ञा होती. मी बाजारात उभा राहिलो, खिशातून फोन काढला आणि 'बेळगाव कुंदा जुने दुकान' हे शब्द शोधयंत्रास दिले. क्षणार्धात पाच-सहा दुकानांची नावे पडद्यावर आली. त्यांपैकी दोन ठिकाणी जाऊन आलो; दोन्ही नवी निघाली. अखेर एका पानवाल्यास विचारले. त्याने काही न बोलता समोरच्या बोळाकडे बोट दाखविले. दुकान माझ्यापासून शंभर पावलांवर होते.

गल्ल्यावर सत्तरीच्या घरातले एक गृहस्थ बसले होते. सारे त्यांना अण्णा म्हणत. मी घडलेली हकीकत सांगितली, तेव्हा ते थोडे दुखावलेच. 'असं कसं होईल मास्तर? आमची वेबसाइट आहे की! २०१३ साली करून घेतलीय, चांगले पैसे मोजून!' असे म्हणून त्यांनी मागच्या खोलीतला संगणक सुरू केला आणि मला ते संकेतस्थळ दाखविले. खरोखरच ते देखणे होते. आजोबांचे छायाचित्र, दूध आटविण्याची भली मोठी कढई, दुकानाचा इतिहास, कुंदा कसा करतात आणि किती दिवस टिकतो याची माहिती, दरपत्रक, पत्ता, दुकानाच्या वेळा. काही म्हणता काही उणे नव्हते. मग तेच संकेतस्थळ मी माझ्या फोनवर उघडले. तेथे दुकानाचे नाव रंगविलेले एक चित्र होते आणि त्याखाली एकच ओळ होती: 'सविस्तर माहितीसाठी कृपया आमचे संकेतस्थळ संगणकावर पाहावे.'

अण्णा त्या ओळीकडे बराच वेळ पाहत राहिले. इतक्या वर्षांत ती त्यांनी प्रथमच वाचली होती.

आज मला आपणांशी बोलावयाचे आहे ते त्या एका ओळीविषयी. दुकान तेच, माल तोच, पिढ्यानपिढ्यांची कीर्ती तीच. असे असता शंभर पावलांवर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला ते दुकान का सापडू नये? याचे उत्तर समजून घेण्यासाठी शोधयंत्र काम कसे करते हे प्रथम पाहिले पाहिजे.

पुष्कळांची अशी समजूत असते, की आपण फोनवर शब्द टाकले म्हणजे ते यंत्र त्या क्षणी जगभर धावत सुटते आणि हवी ती माहिती घेऊन येते. वस्तुस्थिती तशी नाही. शोधयंत्राचे काम आपण विचारण्याच्या कितीतरी आधी झालेले असते. गूगलचा एक कार्यक्रम, ज्याला गूगलबॉट असे नाव आहे, तो एका पानावरून दुसऱ्या पानावर अहोरात्र हिंडत असतो. जे पान दिसेल ते तो वाचतो आणि त्यातील मजकुराची नोंद एका प्रचंड सूचीत होते. मोठ्या ग्रंथाच्या शेवटी शब्दसूची असते, तीच कल्पना. आपण प्रश्न विचारतो तेव्हा उत्तर निघते ते या सूचीतून. त्यामुळे जे सूचीत चढले नाही, ते बाजारात असूनही शोधयंत्राच्या लेखी नसते.

आता खरी मेख येथे आहे. हा फिरता वाचक आपल्या दारी येतो तो कोणत्या वेषात? गूगल कंपनी १९९८ साली स्थापन झाली. त्यानंतर कितीतरी वर्षे तो संगणकावर बसलेल्या माणसाच्या वेषात येत असे. ते स्वाभाविकच होते, कारण पाहणारी माणसेही संगणकापुढेच बसलेली असत. आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. त्यानंतरची सायबर कॅफेतील लाकडी खोपटी आणि तासावर मोजले जाणारे पैसे आपल्यापैकी अनेकांना आठवत असतील. पुढे २००७ साली आयफोन निघाला, पाठोपाठ अँड्रॉइडचे फोन आले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यावर आपल्या देशात डेटा इतका स्वस्त झाला, की ज्या घरांत संगणक कधी आलाच नाही त्या घरांतही इंटरनेट पोहोचले. ऑक्टोबर २०१६ मध्ये स्टॅटकाउंटर या मोजणी करणाऱ्या संस्थेला असे आढळले, की साऱ्या जगात मोबाईल व टॅब्लेट यांवरून होणारा संकेतस्थळांचा वापर संगणकावरील वापराच्या प्रथमच पुढे गेला. गिऱ्हाइकांनी रस्ता बदलला होता.

रस्ता बदलला म्हणजे पाट्या लावणारा आणि त्या वाचणारा, दोघांनाही बदलावे लागते. गूगलने हा बदल टप्प्याटप्प्याने केला. २१ एप्रिल २०१५ पासून, फोनवर केलेल्या शोधात फोनवर नीट वाचता येणाऱ्या पानांना झुकते माप मिळू लागले. हा पहिला टप्पा. त्यात केवळ फोनवरील शोधाचाच विचार होता. दुसरा टप्पा अधिक खोल होता. नोव्हेंबर २०१६ मध्ये गूगलने असे जाहीर केले, की यापुढे सूची तयार करतानाच पानाचे फोनवरील रूप प्रमाण मानण्याचा प्रयोग आम्ही करीत आहोत. मार्च २०१८ पासून जुनी संकेतस्थळे या पद्धतीकडे वळविण्यास आरंभ झाला. १ जुलै २०१९ पासून नव्या संकेतस्थळांना ती आपोआप लागू झाली, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये हे स्थित्यंतर पूर्ण झाल्याची घोषणा करण्यात आली. राहिलेली थोडी संकेतस्थळेही ५ जुलै २०२४ नंतर फोनच्याच वेषातून वाचली जाऊ लागली. जे संकेतस्थळ फोनवर मुळीच उघडत नाही ते सूचीत घेतले जाणार नाही, असेही त्या वेळी स्पष्ट करण्यात आले.

या साऱ्याचा अर्थ असा, की आपण घरी मोठ्या संगणकावर शोध घेत असलो, तरी ज्या सूचीतून उत्तर मिळते ती सूची फोनच्या डोळ्यांनी पाहून लिहिलेली असते. अण्णांच्या बाबतीत काय घडले असेल हे आता आपल्या ध्यानी येईल. २०१३ साली फोनसाठी वेगळे, आटोपशीर पान करणे ही शहाणपणाचीच गोष्ट होती. फोनचे पडदे लहान होते, डेटा महाग होता. त्यामुळे 'फोनवाल्याला थोडक्यात सांगा, सविस्तर संगणकावर ठेवा' असा त्या वेळचा सल्ला असे. पण गूगलबॉट फोनच्या वेषात येऊ लागला, तेव्हापासून त्याला ते आटोपशीर पान तेवढे दिसू लागले. त्यावर एक चित्र आणि एक ओळ. कुंदा हा शब्द नाही, खडे बाजार नाही, बेळगावही नाही. आजोबांची सारी पुण्याई संगणकावरील पानात बंदिस्त होऊन पडली. दुकानाची पाटी ज्या रस्त्याकडे तोंड करून उभी होती, त्या रस्त्याने आता कोणी येत नव्हते.

अण्णांच्या दुखण्याहून अधिक पसरलेले दुखणे निराळे आहे. तेथे फोनसाठी वेगळे पान नसते. संगणकाचे पानच फोनवर आकसून दिसते. याचा हिशेब सोपा आहे. पानाच्या रुंदीविषयी काही सांगितलेले नसेल, तर फोनमधील ब्राउझर ती सामान्यतः ९८० पिक्सेल, म्हणजे ९८० ठिपके, धरून चालतो. फोनच्या पडद्याची उपयुक्त रुंदी मात्र ३६०च्या आसपास असते. म्हणजे पान जवळजवळ एकतृतीयांश होते, आणि जे अक्षर १६ ठिपक्यांचे म्हणून योजले ते सहा ठिपक्यांचे होऊन मुंगीसारखे दिसते. आपले मराठी अक्षर तर वर वेलांटी, खाली उकार आणि मध्ये जोडाक्षर घेऊन येते. ते इतके लहान झाल्यावर 'दूध' की 'दुध' हे सांगणे तर राहोच, तो शब्द दूध आहे हेही कळत नाही. असे पान सूचीतून गळत नाही, हे खरे. पण गिऱ्हाईक दोन बोटांनी ते ताणते, डावीउजवीकडे सरकविते, कंटाळते आणि मागे फिरून पुढच्या दुकानात जाते.

यावर उपाय काय? मे २०१० मध्ये ईथन मार्कॉट या अमेरिकन रचनाकाराने एक लेख लिहून या उपायाला नाव दिले: रिस्पॉन्सिव्ह, म्हणजे पडद्याला प्रतिसाद देणारी रचना. कल्पना वर्तमानपत्रे वाचणाऱ्यांना समजण्यास अवघड नाही. छापखान्यातील जुळारी एकच बातमी कधी दोन स्तंभांच्या रुंदीत बसवितो, कधी एका अरुंद स्तंभात. बातमीतील एक अक्षरही तो बदलत नाही. ओळी तेवढ्या कमीअधिक लांबीच्या होतात आणि चित्र त्या मानाने लहानमोठे होते. रिस्पॉन्सिव्ह पानात हेच काम जागच्या जागी आपोआप होते. संगणकावर जे तीन रकाने शेजारी शेजारी दिसतात, ते फोनवर एकाखाली एक येतात. मजकूर एकच राहतो, पत्ता एकच राहतो. म्हणून एकीकडे दुरुस्ती केली आणि दुसरीकडे राहून गेली असेही होत नाही. गूगलही याच पद्धतीची शिफारस करते. फोनवर मजकूर फार लांब होत असेल तर काही भाग मथळ्याखाली मिटून ठेवावा. बोट लावल्यावर तो उलगडतो. असा मिटलेला मजकूरही सूचीत घेतला जातो. मिटवावे, पण कापू नये, एवढे सूत्र ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

दुसरी गोष्ट वेगाची. जुलै २०१८ पासून फोनवरील शोधात पान किती लवकर उघडते याचाही विचार होऊ लागला, आणि २०२१ साली त्याला अधिक नेमके मोजमाप आले. पानातील मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, बोट लावल्यावर पानाने सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत प्रतिसाद द्यावा, आणि वाचता वाचता मजकूर खालीवर उड्या मारू नये, अशा त्या तीन अपेक्षा आहेत. यांतील प्रतिसादाची कसोटी मार्च २०२४ मध्ये आजच्या स्वरूपात आली. वेग मंदावण्याचे सर्वांत मोठे कारण बहुधा छायाचित्रे हेच असते. चांगल्या कॅमेऱ्याने काढलेले एक छायाचित्र सहज चार मेगाबाइटचे भरते. आडगावी किंवा गर्दीच्या वेळी फोनला सेकंदाला दोन मेगाबिट एवढाच वेग मिळाला, तर ते एक चित्र नुसते वाहून येण्यास सोळा सेकंद लागतात. तेच चित्र फोनला पुरेल इतके लहान करून दीडशे किलोबाइटवर आणले, तर एक सेकंदही लागत नाही. पेढ्यांच्या ताटाचे चित्र तेवढेच सुंदर दिसते. गिऱ्हाइकाचा धीर मात्र सुटत नाही.

याच ओघात आणखी एक खोड सांगितली पाहिजे. पान उघडताच त्यावर मोठी जाहिरात झाकण पडावे तशी येऊन बसते आणि ती बंद करण्याची फुली शोधूनही सापडत नाही. जानेवारी २०१७ पासून फोनवरील शोधात असली पाने मागे पडू शकतात. दुकानाच्या उंबरठ्यावरच आडवे उभे राहून गिऱ्हाइकाला अडविणारा नोकर आपण ठेवणार नाही. मग पानावर तरी तो का ठेवावा?

आता आपणा मराठी व्यावसायिकांच्या खास दोन अडचणी. बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, तसेच गोमंतक येथील आपल्या जुन्या पेढ्या, खानावळी, मुद्रणालये आणि पुस्तकांची दुकाने यांपैकी काहींची संकेतस्थळे फार पूर्वी तयार झाली. त्या काळी मराठी मजकूर निरनिराळ्या कंपन्यांच्या खास टंकांत लिहिला जाई. तो टंक यंत्रात असेल तरच देवनागरी दिसे. नसेल तर रोमी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसे. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत देवनागरीला १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासूनच स्थान आहे, आणि आजच्या फोनवर युनिकोडातील मराठी कोठेही स्वच्छ उमटते. जुन्या टंकातील मजकूर मात्र फोनला कळत नाही, आणि शोधयंत्रालाही कळत नाही. ज्यांना हे ठाऊक होते त्यांनी कधी कधी सारा मजकूर चित्र म्हणूनच चढविला. तो माणसाला वाचता येतो खरा. पण चित्रातील अक्षरांवर शोधयंत्राने विसंबावे अशी आपण अपेक्षा ठेवू नये. चित्रातला फोन क्रमांकही बोटाने दाबून लावता येत नाही. म्हणून नाव, पत्ता, वेळा आणि क्रमांक ही चार अक्षरे अक्षरांतच लिहिलेली बरी.

दुसरी अडचण गावांच्या नावांची. १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावचे अधिकृत नाव बेळगावी झाले. पण पुण्याहून येणारा पाहुणा बेळगाव असेच शोधतो. बडोद्याचा माणूस बडोदे म्हणतो, त्याचे पत्र मात्र वडोदऱ्याच्या नावाने येते. फोनवर लिहिणारा कोणी देवनागरीत लिहितो, कोणी रोमीत. तेव्हा आपल्या फोनवरील पानावर ही दोन्ही नावे सहज वाक्यात आलेली असावीत. 'बेळगावी, अर्थात बेळगाव येथील आमचे दुकान' एवढे म्हटल्याने कोणाचाच मान उणा होत नाही, आणि दोन्ही वाटांनी येणाऱ्याला दार सापडते.

येथे कोणी विचारील, की आमचे व्हॉट्सॲप आहे, फेसबुकावर पान आहे, गूगलच्या नकाशावर नोंद आहे. मग संकेतस्थळाचा खटाटोप कशाला? नकाशावरील नोंद अवश्य असावी. जवळपासचे दुकान शोधताना गूगल मुख्यत्वे तीन गोष्टी पाहते: विचारलेल्या वस्तूशी दुकानाचा संबंध किती, अंतर किती आणि नावलौकिक किती. पण या साऱ्या जागा भाड्याच्या आहेत. नियम घरमालकाचे, तो ते केव्हाही बदलील. संकेतस्थळ ही आपल्या नावाची, आपल्या शब्दांत लिहिलेली जागा आहे, आणि नावलौकिक सिद्ध करण्याचा पुरावाही बहुधा तेथेच मांडता येतो.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. संकेतस्थळ फोनसाठी सोयीचे केले म्हणजे दुकान यादीत पहिले येईलच, असे जो कोणी आपणांस सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नये. २०१५ सालीच गूगलने म्हटले होते, की मजकूर उत्तम असेल तर फोनला अनुकूल नसलेले पानही वर येऊ शकते. सांगण्यासारखे काही नसेल, तर नुसती सोय कामास येत नाही. उलट सांगण्यासारखे पुष्कळ आहे, पण ते फोनवर नाही, अशी ज्यांची स्थिती आहे त्यांचे नुकसान सर्वांत मोठे. आणि आपल्या जुन्या पेढ्या नेमक्या याच वर्गात मोडतात. नव्या दुकानाजवळ सांगण्यास इतिहास नसतो, तरी ते सापडते. जुन्याजवळ इतिहास असतो, पण तो वाचला जात नाही.

आपले संकेतस्थळ कसे आहे हे पाहण्यासाठी फार मोठ्या विद्येची गरज नाही. पूर्वी गूगलचे एक तपासणीचे साधन होते. ते डिसेंबर २०२३ मध्ये बंद झाले. क्रोम ब्राउझरमधील लाइटहाउस हे साधन जाणकारांना उपयोगी पडेल. पण त्याआधी एक घरगुती परीक्षा करावी. ज्याने आपले दुकान कधी पाहिलेले नाही अशा एखाद्या वडीलधाऱ्या माणसाच्या हाती साधा फोन द्यावा आणि तीन गोष्टी शोधावयास सांगाव्या: दुकान किती वाजता उघडते, कोठे आहे आणि तेथे फोन कसा लावावा. आपण शेजारी बसावे, पण एक शब्दही बोलू नये. ते चष्मा वर करू लागले, दोन बोटांनी पडदा ताणू लागले, की समजावे, पाटी पुन्हा रंगवावयास हवी.

अण्णांकडे मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, तेव्हा त्यांची कॉलेजात शिकणारी नात गल्ल्यापाशी वही घेऊन बसली होती. आजोबा सांगत होते आणि ती लिहीत होती: दूध किती आटवावयाचे, रवा केव्हा घालावयाचा, रंग कशाने येतो. 'हे सगळं संगणकावर होतंच की,' अण्णा मला म्हणाले, 'पण कोण वाचत होतं?'

दोन महिन्यांनी आत्याबाईंच्या फोनवर मी ते संकेतस्थळ उघडून दिले. अक्षरे ठळक होती. सर्वांत वर दुकानाचे नाव, खाली बोळाची खूण, वेळा आणि क्रमांक. त्यांनी चष्म्यालाही हात न लावता क्रमांकावर बोट ठेवले. पलीकडून आवाज आला, 'बोला की.' आणि मग माहेरच्या गोष्टी निघाल्या त्या अर्धा तास संपल्याच नाहीत.